कुंदा गेल्यावर हुग्गी

उन्हाळ्यात आमच्या मालकांच्या गच्चीवर भाडेकरूंना कपडे वाळत घालता येत नसत. दोऱ्या होत्या, खांब होते, सोलापूरचं ऊन तर विचारूच नका. पण गच्चीभर मुळ्या पसरलेल्या असायच्या. कुंद्याच्या मुळ्या. कुंदा म्हणजे काळ्या रानात उगवणारं एक हट्टी गवत. पेन्सिलीएवढ्या जाड, पेरापेरांच्या त्या पिवळट मुळ्या मालक जुन्या साड्यांवर शेवयांसारख्या पसरून ठेवायचे, आणि वाऱ्यानं साड्या उडू नयेत म्हणून कडेनं विटा लावायचे. राहायला आल्यावर मी ओले कपडे घेऊन पहिल्यांदा वर गेले, तर मागून आवाज आला, "म्याडम, खाली येताना पाय झाडून या."

पाय झाडून म्हणजे नुसते आपटून नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबायचं, चप्पल काढायची, उलटी करायची, मालक वाकून तिचा तळ बघणार, मग खाली. एखादं पेर चपलेला चिकटून गेलं तर ते गटारीत पडणार, गटारीतून नाल्यात जाणार, आणि कुठून ना कुठून परत त्यांच्या शेतात येणार. शेत अक्कलकोट रोडला, गाव ओलांडून चांगलं लांब. तिथवर हे पेर चालत जाणार आहे का, असं मी एकदा चिडून विचारलं. मालकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, तुम्हाला कुंदा माहीत नाही.

मला माहीत नाही! मी माढ्याकडची. माझी आई लोकांच्या रानात खुरपून खुरपून वाकली ती परत सरळ झाली नाही. शाळेला सुट्टी लागली की माझ्या हातात खुरपं यायचं, आणि शाळा सुरू झाली की बरं वाटायचं. पुढं मी रक्त तपासायचा कोर्स केला, सोलापुरात एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये लागले, त्यात गवताचा कंटाळा हे एक मोठं कारण होतं. दिवसभर उभं राहून लोकांच्या शिरा शोधायच्या, संध्याकाळी पाय सुजायचे, तरी मी म्हणायचे, वाकावं तर लागत नाही ना. आणि नशीब बघा, खोली मिळाली ती नेमकी या माणसाच्या घरात.

खोली मिळाली त्याचीही गोष्टच. मालक भाडेकरूची परीक्षा घ्यायचे. नोकरी कुठं, लग्न झालंय का, हे काही नाही. गाव कुठलं, रान आहे का, असेल तर कुंदा आहे का, आणि असेल तर त्याचं काय करता, एवढंच. माझ्या आधी शेतकी शिकलेला एक मुलगा येऊन गेला होता. तो बिचारा म्हणाला, कुंदा कोवळा असताना जनावरं आवडीनं खातात, बांधावर असू द्यावा. मालकांनी त्याला चहा पाजला आणि जिना दाखवला. मी म्हणाले, आमच्याकडे पहारीनं खणून काढतात आणि तरी येतो. मालकांनी लगेच किल्ली दिली. मग काकूंनी भाडं सांगितलं, कारण ते सांगायचं मालक विसरले होते.

कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी फिटर म्हणून झालेली. अंगानं वाळके, खाकी शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खुरप्याचं मोडकं पातं. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक पहार घडवून घेतली होती, टोकाला चपटी. तिला ते तेल लावायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि देवघराच्या शेजारी उभी करायचे. कुठंही गवत दिसलं की त्यांची मान वाकडी व्हायची. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या आवारात, एकदा तर चक्क स्मशानात; सगळे हात जोडून उभे आणि मालक आपले खाली बसून काहीतरी उपटतायत. काकूंनी त्यांचा शर्ट ओढला तर म्हणाले, "आपल्याला हितंच यायचं हाय की शेवटी. तवर जरा स्वच्छ करतो."

गणपतीत तर दर वर्षी भांडण. देवाला दूर्वा लागतात, आणि दूर्वा म्हणजे हरळी. हरळी म्हणजे कुंद्याची धाकटी बहीण, ती मालकांच्या दारातून आत येणार नाही. काकू शेजारणीकडून गुपचूप आणायच्या. मालकांना दिसायचंच. मग विसर्जन होईपर्यंत ते देवासमोर बसून जुड्यांवर नजर ठेवायचे, आणि शेवटच्या दिवशी सुकलेल्या दूर्वा निर्माल्यात न टाकता चुलीत घालायचे. मी एकदा म्हणाले, देवालाच आवडतात त्या, तुम्ही का चिडता? ते म्हणाले, एवढं मोठं डोकं असून काय मागावं ते देवाला कळलं नाही. आरतीला मात्र सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असायचा.

काकूंचं बरोबर उलटं. त्या अक्कलकोटच्या पलीकडच्या, माहेरी कानडी बोलणाऱ्या. मराठी झकास बोलायच्या, पण वैताग आला की कानडीत जायच्या. "साकु" हा त्यांचा शब्द. साकु म्हणजे पुरे. मालकांचं गवतपुराण लांबलं की काकू स्वयंपाकघरातून नुसतं "साकु" म्हणायच्या आणि ते गप्प व्हायचे, निदान तेवढ्यापुरते. मालक जे उपटून फेकायचे त्यातलं निम्मं काकू पदरात गोळा करून आणायच्या. तांदुळजा, घोळ, कुर्डू यांची भाजी व्हायची. पाथरीची पानं तर कच्चीच, भाकरी आणि तेल-चटणीबरोबर. तण म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नव्हतं. भाजी होती आणि बिनभाजीची पानं होती, बस्स. मला त्या ताट द्यायच्या आणि म्हणायच्या, खा पोरी, यांच्या दुश्मनांची भाजी आहे.

गेल्या वर्षी मालक गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ड्युटीवर होते, जाता आलं नाही. आता इथंही तेच, शिरा शोधायच्या आणि उभं राहायचं. थकले आहे मी, खरं सांगायचं तर. संध्याकाळी खोलीवर आले की काही करू वाटत नाही, आणि असं नुसतं बसलं की हटकून तो माणूस आठवतो. एका गवतापायी एवढी वर्षं कशी घालवली असतील त्यानं? का घालवली ते मला काकूंनी सांगितलं होतं.

वाटणीत मालकांच्या वाट्याला आलेलं रान चांगलं होतं, वरचं सगळं काळंभोर, ज्वारीचं. फक्त खाली ओढ्याच्या कडेला एक लांब पट्टी होती, ती कुंद्यानं भरलेली. बांधाच्या पलीकडे चुलतभावाचं रान. वयानं मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. मालक कुर्डुवाडीला होते तोवर दादाच दोन्ही रानं बघायचे, दोघांत काही वाकडं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मालकांनी सोलापुरात हे घर बांधलं आणि वास्तुशांतीला भावकी जेवायला बोलावली. पंगतीत हुग्गी होती. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आमच्या त्या बाजूला कुठलंही कार्य तिच्याशिवाय होत नाही, आणि मालकांचा तर ती जीव की प्राण. ते दुसरी वाटी मागत होते. शेजारी दादा बसलेले. ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हुग्गी कसली खातोस? आदी पट्टीतला कुंदा काढ, मग खा."

पंगत हसली. चेष्टाच होती ती. भावाभावांत चालते तेवढी. पण मालकांनी वाटी ताटातून उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बरं. कुंदा गेल्यावरच हुग्गी." तिथून त्यांनी गोड सोडलं. नुसती हुग्गी नाही. पुरणपोळी, लाडू, चहातली साखरसुद्धा. आणि दादांशी बोलणं सोडलं. दादा म्हणायचं नाही, नाव घ्यायचं नाही, "पलीकडचा" म्हणायचं. पुढं स्वतःच्या मुलीच्या लग्नात मांडवभर लोक जिलेबी खात होते, आणि मुलीचा बाप ताक पिऊन उठला.

काकूंनी मात्र हुग्गी करणं सोडलं नाही. दर सणाला पातेलंभर करायच्या, मालकांच्या ताटाशेजारी वाटी ठेवायच्या. मालक भाकरी खाऊन उठायचे. वाटी तशीच. मला पहिल्यांदा ते बघून कसंतरीच झालं. काकूंना म्हणाले, कशाला ठेवता, दर सणाला मनाला लावून घ्यायला? त्या म्हणाल्या, कोण जाणे, एखाद्या दिवशी उचलतील. मग उरलेली त्यांची वाटी काकूच खायच्या. अन्न टाकायचं नाही हा नेम. आपली एक आणि नवऱ्याची एक, अशी वर्षानुवर्षं.

मालकांना बसमध्ये मुळ्यांची पोती घेऊ देत नसत, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी ते माझ्या स्कुटीवर बसायचे. मी पुढं, मधे पोतं, मागं मालक, आणि त्यांच्या हातात उभी पहार. सिग्नलला लोक बघायचे. "मालक, मला नोकरी आहे हो, कोणी ओळखीचं बघितलं तर," असं मी दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी न्यायचे. मुळ्या शेतात का ठेवत नाही? तर ठेवल्या की रुजतात. जाळत का नाही? तर ओल्या जळत नाहीत. मग बांधावर वाळवा. तर बांधावर रात्रीचं दव पडतं. त्यांच्यापाशी सगळ्याला उत्तर होतं, म्हणून तर सगळं अवघड झालं होतं.

शेतात गेलं की ते पट्टीत उतरायचे. खणायचं म्हणजे वर-वर नाही. कमरेएवढा खड्डा घ्यायचा, ढेकळं हातानं फोडायची, प्रत्येक मूळ शेवटपर्यंत सोडवत न्यायचं. तुटलं तर तुटलेलं टोक शोधल्याशिवाय पुढं जायचं नाही. मी बाभळीखाली बसायचे. पलीकडे दादांची ओढ्याकडची कड कुंद्यानं गच्च, कमरेएवढी. त्यांची म्हैस त्यात मजेत चरत असायची. ओढ्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत. त्या चिमण्या कुंद्याच्या पात्याला चोचीनं खाच पाडायच्या आणि लांब दोरा सोलून घेऊन उडायच्या. बघायला बरं वाटायचं. दादा बांधाच्या त्या बाजूनं यायचे, थांबायचे, यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघायचे, जायचे. दोघांत एक शब्द नाही. काकू बरोबर असल्या की त्या मात्र बांध ओलांडून दादांकडे जाऊन यायच्या, आणि मालकांना ते दिसायचं नाही असं मालकांनी ठरवलेलं होतं.

खणायच्या शेवटच्या उन्हाळ्यात पट्टी जवळजवळ साफ झाली. उरली फक्त ओढ्याची कड. तिथं कुंदा सगळ्यात जुना. तेव्हा दादांनी काकूंकडून निरोप पाठवला: बाकी काय करायचं ते कर म्हणावं, वढ्याच्या कडंचा तेवढा राहू दे. काकूंनी निरोप जशाचा तसा सांगितला. मालक हसले. मी त्यांना इतकं खुश कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, आता का सांगतोय? मी जिंकायला आलो म्हणून. पंगतीत बोललेला शब्द खाली पडतोय म्हणून. काकू म्हणाल्या, अवो, कड आहे ती, जरा ऐका की. मालक म्हणाले, शब्द पट्टीचा होता, कडेसकट.

दुसऱ्या दिवशी ते पहार घेऊन कडेला उतरले. उन्हाळा संपता संपता तिथंही काळी माती उघडी पडली, भुसभुशीत, सारवल्यासारखी स्वच्छ. एक पात नाही. मालकांनी सांगितलं, पावसाळ्यात एकही कोंब आला नाही की येळवसला शेतात हुग्गी. येळवस म्हणजे आमच्या त्या पट्ट्यातली हिवाळ्यातली अमावास्या. सगळं घर रानात जातं, कडब्याची छोटी झोपडी, म्हणजे कोप, करतं, आत पाच दगड मांडून पूजा करतं आणि तिथंच जेवतं. काकूंनी लगेच गहू निवडून डब्यात भरून ठेवले. एवढ्या आधी! मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

त्याच सुमारास काकूंच्या पायाची जखम भरेना म्हणून मी घरीच त्यांचं रक्त घेतलं. रिपोर्ट माझ्याच हातानं निघाला. साखर एवढी वाढलेली की मी परत तपासली. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांना सांगितलं तर त्या बराच वेळ परात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, आता ते खाणार आणि मला बंद होय? आणि एवढंच म्हणाल्या की त्यांना सांगू नकोस, येळवस होऊ दे. गोळ्या मी आणून दिल्या. त्या त्यांनी चहाच्या डब्यात ठेवल्या.

पावसाळा बरा गेला. मालक दर आठवड्याला पट्टीत जाऊन उकिडवे बसायचे, कोंब नाही. पण नवरात्राच्या तोंडावर परतीचा पाऊस आला तो असा आला की शहरातले रस्ते भरून वाहायला लागले. उघडल्यावर मी मालकांना स्कुटीवर घेऊन गेले. वरच्या रानात पाणी साचलेलं, पण रान जागेवर होतं. पट्टी नव्हती. इतक्या वर्षांची हातानं मोकळी केलेली, कमरेएवढी खोल भुसभुशीत माती ओढ्यानं नेली होती. खाली पांढरा मुरूम उघडा पडला होता आणि ओढा वरच्या रानाच्या तोंडाशी येऊन वाहत होता. पुढच्या पावसात तेही जाणार, हे मलासुद्धा कळत होतं. पलीकडे दादांची कड जिथल्या तिथं. कुंदा पाण्यानं झोपला होता, चिखलानं माखला होता, पण मातीचं ढेकूळसुद्धा सुटलं नव्हतं. मालक तिकडेच बघत उभे राहिले. "धरून ठिवलंय," म्हणाले. 

पुढं एका दुपारी ते गच्चीवर दिसले. जाळायच्या राहिलेल्या जुन्या मुळ्यांची पोती त्यांनी सोडली होती, मुळ्या पसरल्या होत्या, आणि बादलीतून तांब्यानं त्यांच्यावर पाणी घालत होते. वाळून काटक्या झालेल्या त्या. मोडल्या की कट्‌कन आवाज यायचा. मी म्हणाले, मालक, नाही जगणार त्या. ते म्हणाले, एखादं पेर असतंय जितं. मला फार वाईट वाटलं. राग यायचा तेव्हा पुष्कळ आला होता या मुळ्यांचा, पण त्या दिवशी मीच वाकून हातानं चाचपत एखादं ओलं पेर शोधायला लागले. नव्हतंच. उतरताना मी सवयीनं चप्पल उलटी करायला थांबले, तर म्हणाले, "राहू द्या, म्याडम."

येळवसला काकूंनी मलाही नेलं. कोप बांधली होती, पाच दगड चुन्यानं रंगवले होते. "ओलगे ओलगे" ही येळवसची आरोळी देत मालकांनी रानाला फेरी घातली, आंबील शिंपडली, पण आवाज परक्या मांडवातल्या पाहुण्यासारखा, दबका. पट्टीकडे आले तेव्हा शिंपडायला माती नव्हती, मुरमावर शिंपडली. मग जेवायला बसलो. भाकरी, सगळ्या पालेभाज्या-शेंगांची ती जाड भज्जी, आणि काकूंनी मालकांच्या ताटात वाटी ठेवली. निवडून ठेवलेल्या गव्हांची हुग्गी.

"गेला की कुंदा," काकू म्हणाल्या. "एक कोंब ऱ्हायला न्हाय. शब्द पुरा झाला. आता खावा."

चिडून नव्हत्या बोलल्या. थकून बोलल्या. मालकांनी वाटीकडे बघितलं. मग हात धुतला, उठले, आणि बांध ओलांडून दादांच्या कोपेकडे चालायला लागले. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, चल पोरी, काय करतील नेम नाही. आम्ही मागोमाग गेलो.

दादा आणि त्यांचं घर जेवत होतं. इतक्या वर्षांनी हा माणूस दारात बघून सगळ्यांचे घास थांबले. मालक आत गेले नाहीत. कोपेच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "दादा, मला कुंदा द्या."

दादांना आधी वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी तोंडाकडे बघितलं. कुंदा मागायला आलेला माणूस त्या शिवारात आजवर कोणी पाहिला नसेल. लोक तर तो एकमेकांच्या रानात गेला म्हणून कोर्टात जातात, शिव्या देतात. कोणीतरी पोरसवदा हसलं, त्याला दादांनी नुसत्या नजरेनं गप्प केलं. म्हणाले, आता लावून वाळंल, मृगात ये. मालक म्हणाले, येतो, पहार घेऊन येतो, माझा मी खणून नेतो.

"तू न्हाय खणायचं," दादा म्हणाले. "तुला मारायला खणता येतंय. जगवायला येगळं खणावं लागतंय. मी काढून देतो. जेवलास का?"

मालक नाही म्हणाले. त्या दिवशी ते दादांच्या कोपेत भाकरी आणि भज्जी जेवले. हुग्गी तिथंही होती. ती त्यांनी घेतली नाही, आणि कोणी आग्रह केला नाही.

मृगाचा पाऊस झाल्यावर दोघं म्हातारे कड लावायला बसले. मी सुट्टी काढून गेले होते. दादा आपल्या कडेचा कुंदा मातीच्या गड्ड्यासकट काढायचे, मालक पोत्यात घालून आणायचे, आणि मुरमावर वाहून आलेल्या गाळात हातानं लावायचे. लावताना शिव्या चालूच. "तुज्यामायला, तुला मी लावतोय," असं कुंद्याला म्हणायचे आणि मूठ दाबायचे. वर दगड रचले, दगडांत परत कुंदा. येणारे-जाणारे थांबून बघायचे, विचारायचे, काय लावताय? मालक मान वर न करता सांगायचे, "कुंदा." लोक पुढं जाऊन हसायचे. त्यांच्यासारख्या माणसाला हे केवढं कठीण गेलं असेल ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

तो पावसाळा सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढला. ओढा दोनदा मोठा आला. कुंदा कुंद्याला साजेसा वागला. लावला तिथं रुजला, नव्हता लावला तिथंही गेला. गाळ अडवला, दगड धरले. वरचं रान राहिलं. पट्टी गेली ती गेली, पण तिच्या जागी हातभर नवा गाळ साठला आणि त्यावर कुंदा डोलायला लागला. मालक त्याच्याकडे असं बघायचे की आता बहुतेक लाथ मारतील, आणि मग वाकून त्यातला गाजरगवताचं रोप उपटायचे. कोणीतरी उपटायला लागायचंच त्यांना.

पुढची येळवस माझी तिथली शेवटची. मला पुण्यात नोकरी लागली होती. त्या वर्षी बांधावर एकच कोप होती, दोन्ही घरांची. पंगत बसली. काकूंनी हुग्गी वाढली आणि नेहमीसारखी मालकांच्या ताटात वाटी ठेवली. मालकांनी नेहमीसारखी ती बाजूला सरकवली. आता तर कुंदा त्यांनी स्वतः लावलेला. तो जाणार नव्हता आणि जाऊ द्यायचाही नव्हता. म्हणजे हुग्गी जन्मभर बंद, असा त्यांचा हिशेब.

दादांनी ताटावरून हात काढला. म्हणाले, "शब्द माजा हुता. पंगतीत बोललो, पंगतीतच म्हागारी घेतो. खा आता."

 मालकांनी वाटी ओढून घेतली, हातात धरली. मला वाटलं झालं एकदाचं. पण त्यांनी ती परत खाली ठेवली.

"हिला साखर हाय," ते म्हणाले. "चहाच्या डब्यात गोळ्या बघितल्या मी. माजी वाटी खाऊन खाऊन झाली तिला. आता मी एकटा कसा खाऊ?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या हातात पळी होती. मला वाटलं, रडतील. त्या कसल्या रडतायत! "साकु," त्या म्हणाल्या. भर पंगतीत, मोठ्यानं. "एक हट सुटला की दुसरा धरायचा व्हय? मला खायची कुटं हुती हो कवा? तुमाला खाताना बघायचं हुतं. एवढी वर्सं पातेलं कशाला शिजवलं मी?"

आणि त्यांच्यासमोर, ताटाच्या पलीकडे, मांडी घालून बसल्या. पळी तशीच हातात.

मालकांनी वाटी उचलली. चमचा नव्हता, बोटांनी खाल्ली. आधी थोडी, मग पोटभर भूक असलेला माणूस खातो तशी, मान खाली घालून, एका दमात.  वाटी पुसून झाल्यावर त्यांनी ती काकूंच्या पुढं धरली आणि हळूच म्हणाले, गूळ जरा कमी पडलाय. काकूंनी पळीभर आणखी वाढली.